‘द व्हाइट रिबन’: कुणाला थोर, कुणाला छळ (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मिशाएल हानेके यांचा हा २००९ सालचा जर्मन चित्रपट पाहून बाहेर पडलेल्या दोन माणसांचं सहसा एकमत होत नाही. एकाला तो या शतकातला थोर चित्रपट वाटतो, तर दुसऱ्याला अडीच तासांचं कोरडं प्रवचन. मधलं मत फारसं ऐकू येत नाही. प्रश्न मात्र दोन्हीकडून तेच ते येतात, म्हणून ते इथे एकत्र घेतले आहेत. उत्तरांमध्ये कथानक उघड केलं आहे. पाहायचा असेल तर आधी पाहून या.

गोष्ट काय आहे?

उत्तर जर्मनीतलं आइशवाल्ड नावाचं एक काल्पनिक गाव. काळ १९१३ च्या उन्हाळ्यापासून ऑगस्ट १९१४ पर्यंतचा, म्हणजे पहिलं महायुद्ध पेटेपर्यंतचा. जमीन सगळी बॅरनची, म्हणजे सरदार-जमीनदाराची, आणि निम्मं गाव त्याच्याकडे राबतं. आत्म्यांचा कारभार पाद्र्याकडे, शरीरांचा डॉक्टरकडे.

एके दिवशी दोन झाडांमध्ये ताणून बांधलेल्या तारेला अडखळून डॉक्टरचा घोडा पडतो आणि डॉक्टर जबर जखमी होतो. तार कुणी बांधली ते कळत नाही. मग एक शेतमजूर बाई लाकडाच्या गिरणीत कुजलेल्या फळ्यांवरून कोसळून मरते. सुगीच्या सणाच्या दिवशी तिचा मुलगा रागाच्या भरात बॅरनच्या मळ्यातले कोबी विळ्यानं छाटून टाकतो. त्याच दिवशी बॅरनचा लहानगा मुलगा झिगी गायब होतो आणि उलटा टांगून फटके मारलेल्या अवस्थेत सापडतो. हिवाळ्यात बॅरनच्या कारभाऱ्याच्या तान्ह्या बाळाच्या खोलीची खिडकी कुणीतरी उघडी टाकतं. कोठार जळतं. सुईणीच्या मतिमंद मुलाचे, कार्लीचे, डोळे जवळजवळ फोडले जातात आणि शेजारी चिठ्ठी सापडते: बापांच्या पापांची शिक्षा तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत मुलांना मिळेल, अशा अर्थाचं बायबलमधलं वचन.

गावच्या तरुण शाळामास्तरानं म्हातारपणी केलेल्या निवेदनातून हे सगळं आपल्यापर्यंत येतं.

मग हे केलं कुणी?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि चित्रपट त्याचं उत्तर देत नाही.

मास्तराचा संशय गावातल्या मुलांवर आहे, विशेषतः पाद्र्याची थोरली मुलं क्लारा आणि मार्टिन यांच्यावर. त्याला आधारही आहे. कुठेही काही वाईट घडलं की हा घोळका ‘चौकशी करायला’, ‘मदत करायला’ तिथे हजर असतो. कारभाऱ्याची मुलगी एर्ना कार्लीवर हल्ला होण्याआधीच त्याचं स्वप्न पडल्याचं सांगते. पण मास्तर पाद्र्याकडे जाऊन हे बोलतो तेव्हा पाद्री त्यालाच धमकावून घराबाहेर काढतो. सुईण म्हणते की तिला गुन्हेगार कळला आहे. मास्तराची सायकल घेऊन ती शहराकडे निघते आणि परत येत नाही. डॉक्टरचं घरही बंद झालेलं असतं. दोघांबद्दल गावात काय काय बोललं जातं तेवढं आपल्याला कळतं.

सगळ्या घटनांचा एकच सूत्रधार मानू नका. कोबी कुणी छाटले हे आपल्याला दिसतं. बाईचा मृत्यू हा बहुधा निव्वळ मालकाचा निष्काळजीपणा. कोठार कुणी जाळलं असेल याचा अंदाज बांधता येतो, कारण त्यानंतर त्या मेलेल्या बाईचा नवरा गळफास घेतो. तार, झिगी आणि कार्ली या तीन प्रकरणांत मात्र मुलांकडे बोट दाखवण्यापलीकडे फारसं काही उरत नाही. माझं मत विचाराल तर मुलांनीच केलं. पण कोर्टात हा खटला पहिल्याच तारखेला कोसळला असता.

रहस्य उभं करायचं आणि उकल द्यायची नाही, ही प्रेक्षकाची फसवणूक नाही का?

नाराज प्रेक्षकांची ही पहिली तक्रार. ती हसण्यावारी नेणं मला पटत नाही. ‘कलात्मक सिनेमा तुम्हाला कळत नाही’ असं म्हणणारे चाहते या चित्रपटाचं काहीच भलं करत नाहीत. चित्रपट खरोखरच गुन्हेकथेसारखा रचला आहे. घटना, संशयित, साक्षीदार, शहरातून आलेले पोलीस, सगळं आहे. म्हणजे शेवटी उत्तर मिळेल ही अपेक्षा प्रेक्षकानं घरून आणलेली नाही, ती चित्रपटानंच निर्माण केली आहे.

पण क्षणभर उलटं धरून पाहा. शेवटच्या दहा मिनिटांत क्लारानं कबुली दिली असती तर? गाव सुटलं असतं. एक दुष्ट मुलगी सापडली, बाकी सगळे सज्जन. पाद्री, डॉक्टर, बॅरन यांनी वर्षभर घरात आणि शेतात जे केलं ते गुन्ह्यांच्या यादीत आलंच नसतं. उकल रोखून धरल्यामुळेच आपण तारेकडून नजर काढून घरांच्या बंद दारांकडे वळवतो. मला हा सौदा मान्य आहे. ज्यांना नाही, त्यांना चित्रपट कळलेला नाही असं म्हणता येणार नाही.

पांढरी फीत म्हणजे काय?

मुलं एके संध्याकाळी घरी उशिरा येतात. पाद्री सगळ्यांना उपाशी झोपायला पाठवतो. दुसऱ्या दिवशी प्रत्येकी दहा फटके, असं आवाज न चढवता जाहीर करतो. वर हेही सांगतो की या फटक्यांचं दुःख तुमच्यापेक्षा मला आणि तुमच्या आईलाच जास्त होणार आहे. आणि मग फीत. मुलं लहान असताना आई त्यांना पांढरी फीत बांधायची, निरागसपणाची आठवण राहावी म्हणून. आता ती पुन्हा बांधायची, पाद्र्याचा विश्वास परत बसेपर्यंत. क्लाराच्या केसांत, मार्टिनच्या दंडावर.

पुढे मार्टिनचे हात रात्री पलंगाला बांधले जातात. वयात येणाऱ्या मुलानं स्वतःच्या अंगाला हात लावू नये, एवढ्यासाठी. त्याआधी पाद्री त्याला अशाच एका ‘पापा’मुळे खंगत जाऊन मेलेल्या मुलाची गोष्ट सांगतो. बुर्गहार्ट क्लाउसनर यांनी हा प्रसंग जवळजवळ मायेनं केला आहे आणि म्हणूनच तो पाहवत नाही. राक्षसी बाप असता तर सोपं होतं. या माणसाला मुलांवर आपलं प्रेम आहे याची पुरेपूर खात्री आहे.

हानेके यांनी या चित्रपटासाठी जुन्या काळची मुलांच्या संगोपनावरची पुस्तकं वाचली होती. हे सगळं लेखकाच्या डोक्यातून निघालेलं अघोरी नाट्य नव्हे. सभ्य, शिकलेल्या घरांना तेव्हा असे सल्ले छापून मिळत होते. जर्मनीत आईबापांनी मुलाला मारणं कायद्यानं पूर्ण बंद झालं ते थेट २००० साली. आपल्याकडे शाळेतली छडी बेकायदा ठरवणारा शिक्षण हक्क कायदा २००९ चा, म्हणजे या चित्रपटाच्याच वयाचा. ‘शंभर वर्षांपूर्वीच्या जर्मन गावाशी आपला काय संबंध’ असं विचारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

‘नाझी कसे घडले’ हेच यात सांगितलंय ना?

जाहिरातींपासून परीक्षणांपर्यंत सगळीकडे हे वाक्य सापडतं, आणि माझ्या मते प्रेक्षकांतल्या निम्म्या भांडणाचं मूळ तिथेच आहे.

हिशेब सरळ आहे. १९१३ साली दहा-बारा वर्षांची असलेली मुलं १९३३ साली, हिटलर सत्तेवर आला तेव्हा, तिशीत होती. निवेदक सुरुवातीलाच म्हणतो की या गोष्टीमुळे पुढे देशात जे घडलं त्यावर कदाचित थोडा प्रकाश पडेल. दंडावर फीत बांधलेला मुलगा पाहून पुढच्या काळातली नाझींची दंडावरची पट्टी आठवल्याशिवाय राहत नाही. जर्मन शीर्षकाखाली ‘एक जर्मन बालकथा’ असं उपशीर्षकही आहे, जुन्या वळणाच्या हस्ताक्षरात लिहिलेलं.

आता विरोधकांचं म्हणणं. मुलांना फटके काय फक्त जर्मनीत पडत होते? त्याच काळात इंग्लंडच्या नामांकित शाळांमध्ये वेताची छडी रोजची होती, तिथे काही नाझी पक्ष सत्तेवर आला नाही. हिटलर, हिमलर, गोबेल्स हे तिघंही कॅथलिक घरांतले, उत्तरेकडच्या प्रॉटेस्टंट पाद्र्यांच्या हाताखाली वाढलेले नव्हेत. उलट नाझींना विरोध करून १९४५ साली फासावर गेलेला डीट्रिश बोनहोफर हा ल्यूथरच्याच प्रॉटेस्टंट पंथाचा पाद्री. आणि पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर लादलेला व्हर्सायचा तह, १९२३ ची चलनवाढ, १९२९ नंतरची मंदी आणि साठ लाख बेकार यांचं काय? ते सगळं गाळून छडीपासून छळछावणीपर्यंत थेट रेघ ओढली, तर इतिहास फारच स्वस्तात सुटतो.

चाहत्यांच्या बाजूनंही एक वजनदार मुद्दा आहे. १९३२ च्या निवडणुकांत नाझींना प्रॉटेस्टंट ग्रामीण भागांत कॅथलिक भागांपेक्षा बरीच जास्त मतं पडली होती. म्हणजे आइशवाल्डसारखी गावं या इतिहासात खरोखरच आहेत.

हानेके स्वतः मात्र सांगत आले की हा केवळ जर्मन फॅसिझमबद्दलचा चित्रपट नाही, कुठल्याही राजकीय किंवा धार्मिक दहशतीचं मूळ त्यांना दाखवायचं होतं. मोठ्यांनी शिकवलेला आदर्श मुलांनी शब्दशः खरा मानला, तर ती त्याच फूटपट्टीनं मोठ्यांचाच न्याय करू लागतात. चित्रपटाचं नाव आधी ‘देवाचा उजवा हात’ असं ठेवण्याचा त्यांचा विचार होता, त्यावरूनही हे दिसतं. मार्टिन पुलाच्या कठड्यावरून तोल सावरत चालतो. मास्तर ओरडतो तेव्हा तो म्हणतो की मला मारून टाकायची संधी मी देवाला दिली होती. देवानं मारलं नाही, म्हणजे तो माझ्यावर खूश आहे. या एका वाक्यातून जेवढं कळतं तेवढं मला चित्रपटाच्या कुठल्याही ऐतिहासिक दाव्यातून कळलं नाही.

तर माझा कौल असा: नाझीवादाचं स्पष्टीकरण म्हणून चित्रपट तोकडा आहे. शिक्षेलाच प्रेम म्हणणाऱ्या घराचं चित्र म्हणून त्याच्या तोडीचं मी फारसं पाहिलेलं नाही.

इतका थंड का आहे? दिग्दर्शकाला आपल्या माणसांबद्दल काही वाटतच नाही असं वाटतं.

थंड आहे तो कॅमेरा. फटक्यांचा प्रसंग घ्या. मुलं खोलीत जातात, दार बंद होतं, कॅमेरा बाहेर बोळात थांबतो. मार्टिन बाहेर येतो, दुसऱ्या खोलीत जाऊन स्वतःच छडी घेऊन परत येतो, दार पुन्हा लागतं. मग आवाज. एकही फटका दिसत नाही. काहींना हे अंतर ठेवणं अमानुष वाटतं. मला वाटतं, फटके दाखवले असते तर आपण डोळे मिटले असते. बंद दारापुढे ती सोय नाही.

मेलेल्या बाईचा नवरा तिच्या शवाशेजारी बसतो तेव्हाही तेच. त्याचा चेहरा आपल्याला नीट दिसत नाही. दुःख त्याचं आहे, आपल्याला डोकावू दिलं जात नाही. कित्येक रडवणाऱ्या चित्रपटांपेक्षा मला यात जास्त अदब दिसते.

आणि ‘ऊब कुठेच नाही’ हे तर खरंच नाही. डॉक्टरचा लहानगा रुडी बहिणीला मरणाबद्दल एकेक प्रश्न विचारत जातो: सगळेच मरतात का, तूही, मीही? आणि मग, आई गावाला गेलेली नाहीये तर? ती जमेल तितक्या हळुवारपणे खरं सांगते. तो समोरची थाळी भिरकावून देतो. पाद्र्याचा धाकटा गुस्टाफ जखमी पाखरू बरं करतो आणि बाबांचा लाडका पक्षी मेला म्हणून ते त्यांना आणून देतो. पाद्र्याच्या डोळ्यांत पाणी येतं. तो पक्षी क्लारानं कात्रीनं मारलेला असतो, हे बापाला ठाऊक आहे की नाही ते आपण ठरवायचं. मास्तर आणि बॅरनच्या घरी मुलं सांभाळणारी एव्हा यांचं अवघडलेलं प्रेम तर जवळजवळ विनोदी आहे. तिचा बाप मास्तराला एक वर्ष थांबायला लावतो तो प्रसंग पाहताना मला हसू आवरत नाही.

डॉक्टर आणि सुईण यांच्यातला तो प्रसंग गरजेचा होता का?

जखमा बऱ्या होऊन परतलेला डॉक्टर वर्षानुवर्षं त्याचं घर आणि अंथरूण दोन्ही सांभाळणाऱ्या सुईणीला ज्या शब्दांत झिडकारतो, ते ऐकून अनेकांनी इथेच चित्रपट बंद केला आहे. आवाज शांत, शब्द किळसवाणे. राइनर बॉक आणि सुझान लोथार या दोघांनी तो असा केला आहे की बघणाऱ्यालाच अपमान झाल्यासारखं वाटतं. लोथार २०१२ साली गेल्या. त्यांच्या कामाबद्दल बोलताना हा प्रसंग टाळता येत नाही.

पण मला इथे आक्षेपही आहे. डॉक्टर एकाच वेळी व्यभिचारी, निर्दयी आणि स्वतःच्या मुलीवर अत्याचार करणारा आहे. पाद्र्याच्या बाबतीत जो बारकावा जपला आहे तो इथे सुटला. ‘चित्रपटातल्या मोठ्या माणसांना फक्त दोषांनी भरलं आहे’ या टीकेला सगळ्यात जास्त बळ याच पात्रातून मिळतं.

कृष्णधवल का?

त्या काळाची ओळख आपल्याला कृष्णधवल छायाचित्रांतूनच आहे. आउगुस्ट झांडर यांनी काढलेली जर्मन शेतकऱ्यांची छायाचित्रं हानेके यांच्या डोळ्यांपुढे होती. गंमत अशी की चित्रण रंगीत फिल्मवरच झालं आणि रंग नंतर काढून टाकले. मेणबत्ती-कंदिलाच्या उजेडात टिपण्यासाठी रंगीत फिल्म जास्त संवेदनशील होती. छायाचित्रकार क्रिस्टियान बेर्गर यांना त्यासाठी अमेरिकन सिनेमॅटोग्राफर्स सोसायटीचा पुरस्कार मिळाला आणि ऑस्करचं नामांकनही. तो ऑस्कर मात्र ‘अवतार’ला गेला.

पार्श्वसंगीत कुठे आहे?

नाही. पात्रं स्वतः गातात किंवा वाजवतात तेवढंच. चर्चमधलं समूहगान ऐकाल, ल्यूथरचं स्तोत्र ऐकाल. कुठे घाबरायचं आणि कुठे हळवं व्हायचं हे सांगायला व्हायोलिन येत नाही.

कान चित्रपट महोत्सवात पाम दोर (तिथला सर्वोच्च पुरस्कार) मिळाला तो ओळखीवर, असं म्हणतात. खरं आहे का?

२००९ च्या कान महोत्सवाच्या ज्यूरीच्या अध्यक्षा इझाबेल ह्युपेर होत्या आणि २००१ साली त्यांना तिथेच सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला होता तो हानेके यांच्याच चित्रपटासाठी. कुजबुज तिथून सुरू झाली. पण ज्यूरीत त्या एकट्या नव्हत्या. समीक्षकांच्या वेगळ्या ज्यूरीनं त्याच वर्षी याच चित्रपटाला पुरस्कार दिला, मग गोल्डन ग्लोब आणि युरोपियन फिल्म अवॉर्ड, आणि २०१० च्या जर्मन राष्ट्रीय पुरस्कारांत तब्बल दहा. एवढ्या सगळ्यांशी ओळख असणं कठीण आहे. परभाषिक चित्रपटाचा ऑस्कर मात्र अर्जेंटिनाच्या चित्रपटाकडे गेला.

दिग्दर्शक ऑस्ट्रियन, मग चित्रपट जर्मन कसा?

हानेके १९४२ साली म्युनिकला जन्मले, वाढले ऑस्ट्रियात. पैसा जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्स आणि इटलीचा. भाषा, नट, विषय आणि चित्रीकरणाची ठिकाणं जर्मन, आणि ऑस्करला पाठवला तोही जर्मनीनं. जर्मन म्हणायला हरकत नाही.

निवेदकावर विश्वास ठेवावा का?

अर्धवट. आपण सांगतो ते सगळं खरंच असेल असं नाही, काही गोष्टी ऐकीव आहेत, हे तो पहिल्याच वाक्यांत कबूल करतो. शिवाय बंद घरांत घडलेले जे प्रसंग आपण पाहतो ते त्यानं पाहिलेले असणं शक्यच नाही. म्हातारा आवाज एर्न्स्ट याकोबी यांचा आहे, पडद्यावरचा तरुण मास्तर क्रिस्टियान फ्रीडेल. युद्धात भरती, नंतर शहरात शिंपीकाम, गावातलं कुणी पुन्हा भेटलं नाही, एवढं तो स्वतःबद्दल शेवटी सांगतो. १९३३ ते १९४५ मध्ये आपण काय केलं याबद्दल एक शब्दही नाही. हे फार कमी जणांच्या लक्षात येतं.

जाता जाता: याच फ्रीडेल यांनी २०२३ साली ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’मध्ये आउशवित्झ छळछावणीचा प्रमुख रुडॉल्फ हेस साकारला. १९१३ साली तो हेस शाळकरी पोर होता. एव्हा झालेल्या लिओनी बेनेश यांचा ‘द टीचर्स लाउंज’ ऑस्करच्या परभाषिक चित्रपटांच्या गटात त्याच्याच सोबत स्पर्धेत होता.

मला झोप आली. माझं काही चुकलं का?

नाही. १४४ मिनिटं, भरपूर पात्रं, आणि मोठ्यांना बहुतेक नावंच नाहीत, नुसते हुद्दे. पहिल्या अर्ध्या तासात कुणाचं मूल कोणतं हेच कळत नाही. ही गोष्ट मुळात टीव्हीवरच्या मालिकेसाठी लिहिलेली होती, नंतर फ्रेंच पटकथाकार ज्याँ-क्लोद कारिएर यांच्या मदतीनं ती आटोपशीर केली. तरी तो पसारा जाणवतोच. चार घरं डोक्यात पक्की ठेवा: पाद्री, डॉक्टर, कारभारी आणि बॅरन. पाचवं, मेलेल्या बाईचं, आपोआप लक्षात राहतं. रात्री जेवून सुस्तावल्यावर लावू नका.

मुलांसोबत पाहता येईल का?

चित्रपटभर मुलंच आहेत, पण मुलांसाठी नाही. अमेरिकेत त्याला ‘आर’ प्रमाणपत्र आहे, म्हणजे सतरा वर्षांखालच्यांनी मोठ्यांसोबतच पाहायचा. रक्त फारसं नाही, पण बापानं मुलीवर केलेला अत्याचार, आत्महत्या आणि पक्ष्याचा प्रसंग आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींसोबत बघायला हरकत नाही, मात्र नंतर तासभर बोलायची तयारी ठेवा. ‘तुम्ही पण आम्हाला मारायचात’ हे वाक्य येऊ शकतं.

डब केलेला पाहावा की सबटायटल्ससह?

सबटायटल्ससहच. पाद्र्याच्या आवाजातला मऊपणा गेला तर त्या पात्रात उरतं काय? फक्त एक काळजी घ्या. बर्फ, पांढऱ्या भिंती आणि पांढरी वस्त्रं यांवर पांढरी अक्षरं वाचताना डोळे दुखतात. सेटिंगमध्ये अक्षरांचा रंग पिवळा करता येत असेल तर चित्रपट सुरू करण्याआधीच करून घ्या.